माया

"ताई, आता आत माया नाही उरली."

आमच्या ब्लाऊजवाल्या वहिनी हे इतक्या सहज म्हणाल्या, की क्षणभर मला ते माझ्या स्वभावाबद्दलच वाटलं. मुलुंड पूर्वेला एका इमारतीच्या जिन्याखाली त्यांचं मशीन आहे. तिथल्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून मी गणपतीत घालायचा मोतिया रंगाचा ब्लाऊज दंडात आणि छातीत सैल करून मागत होते. ज्यांचा शिवणकामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते, शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात त्याला माया म्हणतात. बाई पुढेमागे भरणार हे शिवणारीला ठाऊकच असतं. ती दोन्ही कडांना बोटभर माया ठेवते आणि मग आपण दर दोन-तीन वर्षांनी एकेक टीप उसवत जायचं. या ब्लाऊजची पहिली टीप करोनाच्या आधी उसवली, दुसरी टाळेबंदीनंतर, तिसरी कधी ते आठवत नाही. वहिनींनी ब्लाऊज उलटा करून दिव्याखाली धरला. कापडाच्या अगदी कडेपर्यंत आम्ही येऊन पोचलो होतो.

"काखेत पट्टी जोडून देते, पण ती दिसेल," त्या म्हणाल्या.

ही २०२३ची गोष्ट. तेव्हा माझं वय ५१, उंची १५२ सेंटिमीटर, वजन ६८ किलो.

याआधी मी काही केलं नव्हतं असं नाही. उलट खूपच केलं होतं. २०१८-१९च्या सुमाराला आमच्या लेडीज डब्यात दोन तट पडले होते, ते मुंबईतल्या कुठल्याही मराठी बाईला आठवत असतील. एकीकडे डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं ऐकणाऱ्या. डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेत दीक्षित सांगत होते, की दिवसातून दोनदाच खा, जे खायचं ते ५५ मिनिटांत संपवा आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. दुसरीकडे आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांच्या बाजूच्या. त्यांचं म्हणणं, थोडं थोडं खा, आपल्या मातीतलं खा, भाताला आणि तुपाला घाबरू नका. घाटकोपर येईपर्यंत वाद असा पेटायचा, की बसायला जागा मिळाल्याचा आनंदसुद्धा मागे पडायचा. एक बाई तर मुलुंडला डबा उघडायची आणि सीएसएमटीला बंद करायची. स्लो गाडीला साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे तिला घड्याळ बघावं लागत नसे.

मी दोन्ही करून पाहिलं. दोन जेवणांवर दोन महिने राहिले आणि चार किलो उतरले. त्यातले अडीच तर पहिल्या दहा दिवसांतच गेले, तेव्हा मी हवेत होते. हे कसं होतं ते पुढे कळलं. आपल्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा एक साठा असतो, ग्लायकोजेन नावाचा. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं एकदम कमी केलं की आधी हा साठा संपतो आणि त्याच्याबरोबरचं पाणी निघून जातं. काटा खाली येतो, चरबी मात्र अजून जागची फारशी हललेली नसते. पुढे दिवाळी आली. फराळाच्या ताटांची ये-जा सुरू झाली आणि मार्चपर्यंत चारचे साडेचार किलो होऊन परत आले. व्याजासकट. यात दीक्षितांचा दोष नव्हता, दिवेकरांचाही नव्हता. दोष कुठे होता ते मला शोधताच आलं नव्हतं, एवढंच.

मधल्या काळात सकाळी कोमट पाण्यात मध-लिंबू घेऊन झालं. त्यानं चरबी वितळते म्हणतात. वितळत नाही. चहाच्या चमच्यानं एक चमचा मध म्हणजे वीसेक कॅलरी पोटात जातात, आणि तो चमचा कुणी सपाट भरत नाही. दुधीचा रसही प्यायले. तो मात्र सोडला, कारण एकदा रस कडू लागला आणि ऑफिसातल्या एका मुलीनं माझ्या हातातून पेला काढूनच घेतला. कडू दुधीतली द्रव्यं खरोखर विषारी असतात आणि कडवट रस पिऊ नका असा इशारा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनीही दिलेला आहे. आपल्याकडे कडू म्हणजे गुणकारी हा समज इतका पक्का, की मी तो नाक दाबून संपवलाच असता.

त्या गणपतीनंतर मी डॉक्टरांकडे गेले. थायरॉइड तपासलं, साखर तपासली. साखर कुंपणावर बसलेली निघाली. डॉक्टरांनी टेप काढून कंबर मोजली, हे मला नवीन होतं. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९० ही मर्यादा धरतात म्हणे, आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, २३च्या पुढे गेला की जास्त वजन, २५च्या पुढे लठ्ठपणा. माझा २९च्या वर होता. "पण डॉक्टर, युरोपात तर पंचविशीपर्यंत चालतं ना?" मी वाचलेलं काढलं. त्यावर त्यांनी मला एका फोटोची गोष्ट सांगितली. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो २००४ साली 'द लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघांचाही बीएमआय बरोबर २२.३. पण लंडनकरांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि पुणेकरांच्या अंगात २१.२ टक्के. म्हणजे दिसायला सारखेच सडपातळ, आत हिशेब वेगळा. आपल्या लोकांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटाशी साठलेली. म्हणून आपल्यासाठी रेघ अलीकडे ओढलेली आहे.

हे ऐकून मला बरं वाटलं, की शंभर पिढ्यांवर खापर फोडता येईल. डॉक्टरांनी ते फोडू दिलं नाही. "पंधरा दिवस काही बदलू नका," ते म्हणाले. "फक्त तोंडात जाईल ते लिहा. जेवण नव्हे हं. तोंडात जाईल ते."

मी ऑफिसातली जुनी डायरी घेतली. पहिले दोन दिवस ती फार सुसंस्कृत दिसत होती. दोन पोळ्या, भाजी, आमटी, भात, काकडी. तिसऱ्या दिवसापासून मी खरं लिहायला लागले.

सकाळी चहा, दोन चमचे साखर. पोळ्या लाटताना दुसरा, कारण पहिला निवून गेला होता. गाडीत भांडुपला चढणारीनं आणलेले खारे शेंगदाणे, मूठभर. ऑफिसात साडेदहाचा चहा आणि त्याबरोबर खारी. (खारी हलकी असते असं आपण का समजतो कोण जाणे. तिचे पापुद्रे सुटतात ते हवेनं नव्हे, थरांत भरलेल्या वनस्पती तुपानं.) दुपारी कुणाचा तरी वाढदिवस, अर्धा समोसा, उरलेला अर्धा शेजारणीला नको होता म्हणून तोही. साडेतीनचा चहा. पाचचा कटिंग. कटिंग म्हणजे अर्धाच, म्हणून तो माझ्या मनात कधी मोजलाच जात नव्हता. घरी आल्यावर आठला एक कप, दमले होते म्हणून. तो पिताना फरसाणाची बरणी उघडी.

चहाचाच हिशेब मांडला. सहा कप, प्रत्येकी दोन चमचे म्हणजे दिवसाला बारा चमचे साखर, साधारण ६० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली घालून दिलेली मर्यादा अशी, की वरून घातलेली साखर दिवसभराच्या कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत हवी, आणि ५ टक्क्यांच्या आत आली तर उत्तम. २००० कॅलरी खाणाऱ्या माणसासाठी याचा अर्थ ५० ग्रॅम, आणि उत्तम म्हणजे २५. मला गोड आवडत नाही असं मी तीस वर्षं अभिमानानं सांगत आले होते. लग्नात जिलबीचं ताट पुढे सरकवणारी बाई. आणि रोज बारा चमचे!

मग मला तेलाची उत्सुकता लागली. आमच्याकडे तिघं जेवणारे, मी, नवरा आणि मुलगा. पाच लिटरचा कॅन किती दिवस पुरतो ते किराणावाल्याच्या बिलांवरून काढलं. पस्तीस दिवस. एक लिटर तेल भरतं साधारण ९१० ग्रॅम, म्हणजे माणशी रोज ४३ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४मध्ये दिलेल्या ताटात २००० कॅलरींमागे तेल-तूप २७ ग्रॅमच्या आसपास धरलंय. आमचं तूप तर मी मोजलंही नव्हतं. फोडणीला तेल पडायचं ते बुधलीतून, धारेनं, आणि माझी धार आईसारखी आहे असं सगळे कौतुकानं म्हणायचे.

पण डायरीत सगळ्यात जास्त वेळा जो शब्द आला, तो चहा नव्हता आणि तेलही नव्हतं. तो होता 'उरलेलं'. उरलेला भात. उरलेली अर्धी पोळी. मुलाच्या डब्यात परत आलेली भाजी. पातेल्याच्या तळाची खरवड, घासायला टाकण्याआधी. रविवारी रात्री आमटीत एक डाव उरला होता, तो मी ओट्याशी उभ्या उभ्या वाटीनं प्यायले. जेवण झालं होतं. भूक अजिबात नव्हती. पंधरा दिवसांत असं तेवीस वेळा झालं होतं. ताटावर बसून मी जेवत होते ते एका शहाण्या बाईचं जेवण होतं. दुसरं जेवण मी ओट्याशी उभी राहून जेवत होते, आणि ते मोजत कुणीच नव्हतं. मी तर नाहीच.

याचं कारण मला लगेच सापडलं असं वाटलं. मी लालबागच्या चाळीत वाढले. वडील गिरणीत. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा मी दहा वर्षांची होते. अडीच लाख गिरणी कामगार बाहेर, त्यांचे पुढारी दत्ता सामंत यांच्या सभा, आणि आज-उद्या मिटेल म्हणता म्हणता तो रीतसर मिटलाच नाही. रेशनच्या पामतेलाचा वास माझ्या नाकात अजून आहे. अशा घरातल्या मुलीला अन्न टाकवेल कसं? पानात काही टाकायचं नाही, हे आम्हाला सांगावं लागत नसे. तेव्हा हे आईकडून आलेलं आहे, असं मी डायरीत लिहूनही टाकलं. थोडंसं कृतार्थ वाटलं. माझा लठ्ठपणा म्हणजे गिरणगावाचा इतिहास!

डिसेंबरात आई कल्याणहून, भावाकडून, माझ्याकडे राहायला आली. ऐंशी वर्षांची, काटकुळी. तिसऱ्या रात्री मी पातेल्यातला भात तोंडात टाकताना तिनं पाहिलं.

"आत्ता जेवलीस ना?"

"अगं, उरलाय. वाया जाईल."

"मग उरवलास कशाला?"

मी तिला समजावत बसले, संप, रेशन, तुझीच सवय वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आपल्याकडे उरायचं कधी? मी खानावळ चालवत होते, बाई."

हे मी विसरले नव्हते, पण त्याचा अर्थ मला कधी लागला नव्हता. संपाआधी आई चाळीतल्या एकट्या राहणाऱ्या आठ कामगारांना जेवण घालायची. गिरणगावात अशा हजारो बायका होत्या, ज्यांची बायकामुलं गावाला त्या पुरुषांना दोन वेळा जेवू घालणाऱ्या. १९७५ साली प्रेमा पुरवांनी ज्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्या ह्याच. खानावळवालीचं गणित भाकरीवर चालायचं. आई पीठ मळायच्या आधी प्रत्येकाला विचारायची, रात्रपाळीवाल्यालासुद्धा उठवून विचारायची, "किती टाकू?" तो म्हणेल तीन, तर तीन. भाकरी उरली तर तिचे पैसे बुडणार. आणि तरी एखादी उरलीच तर ती तव्याशी उभी राहून खात नव्हती, खालच्या मजल्यावरच्या म्हातारीला धाडत होती. संपात गडी गावाला गेले, खानावळ बंद पडली. पण "किती टाकू?" बंद नाही पडलं. ते आम्हाला विचारू लागली.

म्हणजे उरलेलं संपवणं आईकडून आलंच नव्हतं. तिच्या हाताखाली उरतच नव्हतं. जास्तीचं शिजवणं हे माझं होतं. दहा वर्षांच्या मुलीनं त्या दिवसांतली मोजणी पाहिली, शहाणपणा नाही पाहिला, फक्त धसका घेतला. नोकरी लागल्यावर, स्वतःच्या चुलीशी उभी राहिल्यावर तिनं ठरवून टाकलं की आपल्या घरात कधी कमी पडणार नाही. तीन माणसांना सव्वा वाटी तांदूळ पुरतो, मी दोन टाकते. कुणी आलं तर? मुलाला भूक लागली तर? कुणी येत नाही. मुलगा बाहेरून खाऊन येतो. आणि ती पाऊण वाटी दर रात्री कुठे जाते, हे ब्लाऊजला ठाऊक.

कागदावर हिशेब भयंकर दिसतो. रोज शंभर कॅलरी जास्त आणि एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, असं धरलं तर वर्षाला साडेचार किलोच्या वर वाढ. शरीर इतकं वाण्यासारखं हिशेबी नसतं. वजन वाढलं की तेवढं अंग वागवायला खर्चही वाढतो, त्यामुळे वाढ कुठेतरी थबकते. पण दिशा तीच.

मग मी काय केलं, ते सांगते. त्यात सांगण्यासारखं फार नाही, आणि म्हणूनच ते टिकलं असावं. तांदूळ वाटीनं, सपाट भरून. तेल बुधलीतून नाही, चमच्यानं. भाजीला तिघांत मिळून दोन मोठे चमचे, आणि आधी झाकण ठेवून वाफेवर शिजवायची सवय. पहिले आठ दिवस नवऱ्यानं भाजीकडे संशयानं पाहिलं, मग विसरला. तो कॅन आता सात-साडेसात आठवडे जातो. जेवताना आधी उसळ किंवा आमटी आणि कोशिंबीर, मग पोळी, भात शेवटी आणि एकदाच. कडधान्यातल्या प्रथिनांनी आणि चोथ्यानं पोट लवकर भरतं आणि भरलेलं राहतं, यात जादू काही नाही. बुधवार, शुक्रवार, रविवार मासे. माझं सासर वेंगुर्ल्याकडचं, त्यामुळे बांगडा हा आमच्याकडे सणच. पूर्वी तो रव्यात घोळवून तळला जायचा, आता बहुतेक वेळा त्याचं तिखलं, म्हणजे दाटसर तिखट कालवण, होतं, तिरफळं घालून. खरं सांगायचं तर बांगडा तिखल्यातच जास्त बांगडा लागतो. बोंबील मात्र मी तळते. काही गोष्टींना पर्याय नसतो.

चहाची साखर एकदम सोडली नाही. दोनाचे दीड, तीन आठवडे. दीडाचा एक. एकाचा अर्धा करायला मला दोन महिने लागले. आता बिनसाखरेचा पिते, सहाऐवजी तीन कप, आणि चुकून कुणी साखर घातलेला दिला तर तो औषधासारखा लागतो. ऑफिसचा तयार गोड चहा बंद केला, तिथे ताक. घरी कोकमाचं आगळ पाण्यात, मीठ-जिऱ्याचं, साखरेशिवाय. उन्हाळ्यात स्टेशनवर नीरा दिसली की जीव जातो, ती ताडाची असली तरी गोडच आहे, हे लक्षात ठेवून महिन्यातून एखादा पेला. पोट पातळ गोष्टींचा हिशेब नीट ठेवत नाही असं माझं निरीक्षण आहे. उसाचा रस पिऊन कुणी म्हटलंय का, "आज जेवण नको"?

सगळ्यात अवघड वेळ संध्याकाळी साडेसहाची. ऑफिस सुटतं, दुपारचं जेवण होऊन पाच तास झालेले, पुढे दीड तासाचा प्रवास, आणि स्टेशनच्या वाटेवर दोन्ही बाजूंना कढया. वडापाववाल्याचा तो गरम तेलाचा वास आणि सुक्या लसणीची लाल चटणी. इच्छाशक्ती वगैरे शब्द त्या फुटपाथवर कामाचे नाहीत. एका वडापावात तीनेकशे कॅलरी धरल्या तर त्या चालून उतरवायला मला तासभर तरी लागेल, हे गणितही तिथे सुचत नाही. मला एवढंच जमलं, की सहाला, निघण्याआधी, खुर्चीतच डबीतले भाजलेले चणे नाहीतर उकडलेलं अंडं खायचं. भूक मेली की वास नुसता वास राहतो. तरी पावसात, पंधरा दिवसांनी एकदा, मी खातेच. उभी राहून, सगळ्यांसमोर, डायरीत लिहिण्यासाठी.

उपवासाबद्दल न बोललेलंच बरं, पण बोलते. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण ज्यानं केली त्यानं आमचं स्वयंपाकघर पाहिलं असणार. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ, त्यात तूप, दाण्याचं कूट, बटाटा, आणि वर नवऱ्याचा आग्रह. मी उपवास सोडले. देव काही बोलला नाही. सोसायटीतल्या दोघी बोलल्या.

लोकांचं काय करायचं, याचं उत्तर कुठल्याही आहारतज्ज्ञाकडे मला मिळालेलं नाही. आपल्याकडे आग्रह हीच बोलण्याची भाषा आहे. नवरात्रात गाडीत एकाच रंगाच्या साड्या नेसून आम्ही जातो, दसऱ्याला डब्यात झेंडूची तोरणं, आरती आणि पेढे. तिथे "मला नको" म्हणणं म्हणजे पेढ्याला नाही, बाईला नाही म्हणणं. दिवाळीला शेजारून आलेलं ताट रिकामं परत द्यायचं नसतं, त्यामुळे चकल्या जन्मभर वर्तुळात फिरतात. मी शेवटी ठरवलं, माणसाच्या हातातून आलेलं घ्यायचं, एकच. बरणीतून, पाकिटातून, पातेल्यातून आपणहून काढायचं नाही. गणपतीचे उकडीचे मोदक मी मोजत नाही. खोटं कशाला बोलू, मोजते. चार.

मे महिन्यात गावी गेले तर सासूबाईंनी दारातच हटकलं, "गे, तुझा तोंड असा कित्याक सुकला?" सकाळी पेज, दुपारी पेज-भाताबरोबर मासळी आणि दिवसभर अंगणात खेपा, असं आयुष्य काढलेल्या त्या बाईचं वजन मला वाटतं पंचेचाळीसच्या वर कधी गेलंच नाही. पण सून बारीक झाली म्हणजे मुंबईत काहीतरी बिनसलंय, हे त्यांचं पक्कं. चार दिवस त्यांनी माझ्या पानात जे वाढलं ते मी खाल्लं.

अकरा महिन्यांत सात किलो. त्यानंतर काटा हलायचा थांबला, आज दीड वर्षं तो एकसष्टच्या आसपास घुटमळतोय. बीएमआयच्या तक्त्यात मी अजूनही लठ्ठच आहे. लहान झालेल्या शरीराला कमी लागतं आणि ते जपूनही खर्च करतं, तेव्हा पुढचे किलो आधीच्यांसारखे सुटत नाहीत. पण दादरचा पूल चढताना मधे थांबावं लागत नाही, आणि साखर कुंपणावरून आतल्या बाजूला उतरली आहे.

गेल्या गणपतीला मी तो मोतिया ब्लाऊज घेऊन पुन्हा जिन्याखाली गेले. आता काखेत झोळ पडत होता. वहिनींनी दोन्हीकडून टीप मारली, मी घालून दाखवला, त्यांनी मान डोलावली. मग कात्री उचलली.

"आतलं कापून टाकू का? उगाच टोचेल."

मी जरा विचार केला. "राहू दे," म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. शिवणाऱ्या बायकांना हे उत्तर पाठ असतं.

आता संध्याकाळी गाडी भांडुपला आली की मी घरच्या ग्रुपवर लिहिते, 'किती टाकू?' नवरा लगेच आकडा पाठवतो, तीन. मुलगा 'बघू' म्हणतो. खानावळीत 'बघू' चालत नसे, असं मी त्याला दोनदा लिहिलंय, त्यावर तो अंगठा दाखवतो. परवा नाहूरच्या पुढे गेल्यावर त्याचं उत्तर आलं, चार. माझ्या दोन. घरी येऊन हातपाय धुतले आणि कणीक भिजवायला घेतली. नऊच हव्या होत्या. लाटून झाल्यावर मोजल्या तर दहा.